अठरानंतरचे दहा ते पाच : दिव्यांग तरुण मुलाला सांभाळताना स्वतःचं करिअर नव्यानं उभं करण्यासाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयासाठी आहे. बहुतेक विशेष शाळाही त्याच वयाला हात सोडतात. बारा-चौदा वर्षं सकाळी स्कूलबस यायची, दुपारी मूल परत यायचं आणि मधल्या चार-पाच तासांत आपण बँक, बाजार, स्वयंपाक उरकायचो. हा क्रम एका एप्रिलमध्ये थांबतो. बरोबरीची मुलं कॉलेजला, होस्टेलला जातात आणि त्यांच्या आयांना थोडी उसंत मिळते. आपल्या घरी मात्र एक तरुण मुलगा किंवा मुलगी दिवसभर असते आणि तिला जेवण, आंघोळ, औषध, सोबत सगळंच लागतं. नेमकी हीच वेळ असते, जेव्हा नवऱ्याच्या निवृत्तीची वर्षं मोजता येऊ लागतात, थेरपीचा खर्च वाढलेला असतो आणि आपलं वय पंचेचाळीसच्या आसपास असतं. आता काम सुरू केलं नाही तर पुढे जमणार नाही, हे आतून जाणवत असतं.

मी बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण मुलाची आई आहे. पालकगटात ‘मी आता काय करू शकेन?’ हा प्रश्न येतो, तेव्हा बोलणं लगेच नोकऱ्यांच्या जाहिरातींवर आणि घरगुती व्यवसायांवर जातं. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. आधी मुलाचा दिवस उभा करायचा, त्यात आपल्याशिवाय दुसरे हात आणायचे आणि मग जे तास खरोखर मोकळे होतील, त्या तासांत बसणारं काम शोधायचं. क्रम उलटा झाला की तीन-चार महिन्यांत नोकरी सुटते, आणि ‘हे आपल्याला जमणारं नव्हतं’ असा ग्रह मनात पक्का होतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण अपराधीपणा पहिल्या दिवसापासून वाटेत उभा असतो. आपलं मूल फक्त आपल्याच हातून जेवतं, आपल्याचजवळ झोपतं, आपल्यालाच त्याचं बोलणं कळतं, यात प्रेम आहेच, पण मुलासाठी सगळ्यात मोठा धोकाही यातच आहे. आपण एक आठवडा रुग्णालयात पडलो तर त्याचं काय होईल, हा प्रश्न स्वतःला विचारा. आपण कामासाठी घराबाहेर पडतो तेव्हा मूल दुसऱ्या माणसांबरोबर जगायला शिकतं. ते शिक्षण त्याला कधी ना कधी घ्यावंच लागणार आहे. आपण धडधाकट असताना, संध्याकाळी घरी परत येणार असताना ते सुरू झालेलं केव्हाही बरं.

पहिली पायरी : सांभाळणं म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढा

‘मला त्याच्याजवळून हलताच येत नाही’ हे प्रत्येक आई म्हणते आणि ते खरंच असतं. पण त्या वाक्यात वेगवेगळ्या प्रकारची कामं एकत्र झालेली असतात. दोन आठवडे एक वही ठेवा. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत मुलासाठी जे कराल ते वेळेसकट लिहा, आणि प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द घाला : हात, नजर किंवा सोबत.

हात म्हणजे जिथे शरीरानं मदत करावी लागते. आंघोळ, शौच, दाढी, कपडे, भरवणं, व्हीलचेअरवर घेणं, मुलगी असेल तर पाळीच्या दिवसांतली काळजी. नजर म्हणजे तो स्वतः करतो, पण कुणीतरी पाहावं लागतं : गॅसजवळ जाणं, जिना उतरणं, औषधाची गोळी खरंच गिळली का, फिट येण्याची शक्यता आहे का. आणि सोबत म्हणजे घरात कुणीतरी माणूस आहे एवढंच त्याला पुरतं, मग ते माणूस स्वतःचं काम करत असलं तरी चालतं.

दोन आठवड्यांनी वही उघडली की दिवसाचा आकार दिसू लागतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत हाताची कामं बहुधा सकाळी सहा ते नऊ आणि रात्री आठनंतर दाटलेली असतात, दुपार बरीचशी सोबतीची असते. ऑटिझम असलेल्या तरुणाच्या बाबतीत हाताची मदत अगदी कमी, पण नजर सतत लागते, असंही दिसतं. या दोन घरांना लागणारी माणसं वेगळी, पगार वेगळा आणि आईला झेपेल ते कामही वेगळं. सोबतीचे तास शेजारच्या निवृत्त आजींच्या भरवशावर निभू शकतात. हाताचे तास तसे कुणावर सोपवता येत नाहीत.

वहीत रात्रीही लिहा. किती वेळा उठावं लागलं, सलग झोप किती तास झाली. रात्री तीनदा उठणाऱ्या आईनं सकाळी आठची शिफ्ट घेऊ नये, हे कुठल्याही करिअर सल्लागाराच्या यादीत नसतं. ते आपल्या वहीतूनच कळतं.

शेवटी प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारा : हे फक्त मलाच जमतं, की फक्त मीच करत आले आहे? दुसऱ्या प्रकारातल्या नोंदींखाली लाल रेघ मारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या लाल रेघांवर उभ्या आहेत.

दुसरी पायरी : अठरा पूर्ण झाल्यावरची कागदपत्रं, नोकरी लागण्याआधी

या कामांना कार्यालयाचे हेलपाटे लागतात. नव्या नोकरीत पहिल्या महिन्यात चार सुट्ट्या मागण्यापेक्षा हे आधी उरकलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायदेशीर पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान असतं आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. बँकेत, मालमत्तेच्या कागदावर ‘मी त्याची आई आहे’ एवढं सांगून भागत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागत नाही. अर्ज आई किंवा वडील करू शकतात, दोघांनी मिळूनही करता येतो. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. त्यामुळे मुलाच्या नावावरच्या ठेवी आणि खात्यांची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. इतर दिव्यांगत्वासाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे : ठरावीक निर्णयापुरती मदत, आणि तीही त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. ज्याला थोड्या आधारानं स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याच्यासाठी पूर्ण पालकत्व मागण्याची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. मुलाला मानसिक आजार असेल तर रस्ता वेगळा आहे. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू होतो आणि त्यात उपचारासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो.

त्यानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. लहानपणी काढलेला दिव्यांगत्वाचा दाखला तात्पुरता असेल तर त्याची मुदत तपासा आणि आता कायमस्वरूपी दाखला घ्या. पुढच्या बहुतेक सवलतींना हेच कार्ड लागतं. आधारमधले बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी अद्ययावत केले नसतील तर तेही करून टाका, नाहीतर बँक खात्याचं काम तिथेच अडतं.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना वरच्याच चार प्रकारांसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही त्यात समावेश आहे. आपल्या मुलांचा खरा खर्च रुग्णालयात दाखल होण्यापेक्षा आठवड्याच्या फिजिओथेरपीवर होतो, म्हणून ही योजना नेहमीच्या मेडिक्लेमपेक्षा उपयोगी वाटते. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवून परत मिळवायचे, त्यामुळे प्रत्येक पावतीवर मुलाचं नाव आणि तारीख हवी. नूतनीकरण वेळेत करा.

कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. दिव्यांग लाभार्थींची रक्कम २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाली आहे. एसटीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत असते आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. तालुक्याच्या गावी केंद्रात रोज सोडायला जाणाऱ्या घराला याचा चांगला हातभार लागतो.

तिसरी पायरी : त्याचा दिवस उभा करा

शाळेनंतर मुलानं करायचं काय, याचं उत्तर ‘घरी बसेल, टीव्ही बघेल’ असं असेल तर आपलं करिअर फार पुढे जाणार नाही. रिकामा दिवस मुलाच्या वागण्यात उतरतो. झोप उलटी होते, वजन वाढतं, चिडचिड वाढते, आणि सांभाळणारी व्यक्ती टिकत नाही.

पर्याय मुख्यतः तीन. एक म्हणजे प्रौढांची कार्यशाळा किंवा दिवसकेंद्र. पुण्याची कामायनी, मुंबईची जय वकील ही जुनी नावं. प्रौढांनाही शिकण्याची आणि कामाची संधी मिळावी म्हणून उभी राहिलेली मुंबईची ओम क्रिएशन्स, मुळशीकडच्या कोळवण खोऱ्यातलं साधना व्हिलेज, बदलापूरची आधार, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेनं उभं केलेलं घरकुल, यांची पद्धत एकमेकांपासून वेगळी आहे. काही ठिकाणी दिवसभराचं काम, काही ठिकाणी निवास. जवळची संस्था निवडायची असली तरी यांपैकी एखादी जागा मुलासकट पाहून या. चांगला दिवस कसा असतो, याचा अंदाज येतो आणि मग आपल्या गावातल्या केंद्राला काय विचारायचं ते कळतं.

प्रवेश घेण्याआधी शौचालय पाहा. प्रौढ मुलाला तिथे मदत कोण करतं, मुलींसाठी बाई आहे का, दार लावलं जातं का. जेवणाच्या वेळी जाऊन बसा. किती मुलांमागे किती माणसं आहेत ते स्वतः मोजा. फिट आल्यावर काय करतात ते तिथल्या शिक्षिकेला विचारा, कार्यालयातल्या माणसाला नको. केंद्राच्या सुट्ट्यांची वर्षभराची यादी मागून घ्या. दिवाळीत आणि मे महिन्यात केंद्र बंद असेल तर ते दिवस आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण आपल्या कार्यालयाला मे महिन्याची सुट्टी नसणार आहे. आणि केंद्राची वेळ अकरा ते तीन असेल तर आपल्याकडे चार तास आहेत असं समजू नका. सोडण्या-आणण्याचा वेळ वजा करून उरतात ते आपले.

दुसरा पर्याय म्हणजे मुक्त शिक्षण. ज्यांना वाचता-लिहिता येतं, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय सवडीनं देता येतो. तिसरा म्हणजे नोकरी किंवा घरातलं काम. मुलगा पाकिटं भरतो, पणत्या रंगवतो, दुकानात माल लावतो, तर त्याला त्याचा मोबदला मिळू द्या आणि तो त्याच्याच खात्यात जाऊ द्या.

लहान गावात केंद्रच नसतं. तिथे मी पाहिलेला चालणारा मार्ग एकच : चार-पाच पालकांनी एकत्र येणं. एका घराची पुढची खोली, आठवड्याचे पाच दिवस, रोज एक पालक हजर आणि एक पगारी ताई. पाच पालक असतील तर प्रत्येक आईला आठवड्यात चार मोकळ्या सकाळी मिळतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो. अशा गटानं ग्रामसेवकाला लेखी अर्ज देऊन जागा किंवा साहित्य मागावं. एकट्या आईच्या अर्जापेक्षा पाच सह्यांचा अर्ज जास्त ऐकला जातो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. अर्जाची एक प्रत जिल्ह्यातल्या संबंधित कार्यालयातही द्या आणि पोच घ्या.

मुलाला हा बदल हळूहळू दाखवा. ऑटिझम असेल तर चित्रांचं कॅलेंडर भिंतीवर लावा : सकाळी आंघोळीचं चित्र, मग रिक्षाचं, मग केंद्राचं, संध्याकाळी आईचा फोटो. पहिल्या आठवड्यात केंद्रात तासभर, आपण बाहेरच्या बाकावर. नंतर अर्धा दिवस. पूर्ण दिवस जमायला महिने लागू शकतात, आणि आपल्या कामाची तारीख त्या महिन्यांच्या पुढची असावी.

चौथी पायरी : दुसरे हात

हे सगळ्यात अवघड. पैशांपेक्षाही इथे मन अडतं.

घरातल्या माणसांपासून सुरू करा. वडिलांकडे ‘मदत’ मागू नका, वहीतल्या लाल रेघांपैकी काही कामं कायमची त्यांच्या नावावर करा. मुलग्याची आंघोळ आणि दाढी हे वडिलांचं काम ठरलं की सकाळचा तास मोकळा होतो, आणि वयात आलेल्या मुलाची लाजही राखली जाते. ठरवलेलं काम त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या. भांग वाकडा पडला तर पडू दे. बहीण-भावांना मात्र गृहीत धरू नका. त्यांच्या परीक्षा आणि नोकऱ्या त्यांच्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ते स्वखुशीनं देत असतील तर तेवढीच मोजा. आजी-आजोबांकडून सोबतीचे तास घ्या, हाताचे नकोत. सत्तर वर्षांच्या आजीनं साठ किलोच्या नातवाला उचलू नये.

पगारी माणूस ब्यूरोतून घेतलं किंवा ओळखीतून, आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी दोन्ही हवं. मुलीसाठी बाईच, आणि मुलग्याच्या आंघोळीसाठी शक्यतो दादा. पगार, सुट्ट्या, जेवण, दिवाळीचा बोनस आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं साध्या मराठीत कागदावर लिहून दोघांनी सही करावी. त्या बाईंनाही घर आहे, त्यांनाही आजारपण येतं. आठवड्याची पगारी सुट्टी दिली की माणूस टिकतं, आणि आपल्या घरात टिकलेलं माणूस हीच आपल्या करिअरची मुख्य ठेव.

पहिले दोन आठवडे आपण घरातच राहायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाहायचं, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी करायचं आणि आपण पाहायचं. नंतर एक तास बाहेर जायचं आणि फोन करायचा नाही. मग तीन तास, मग जेवणाची वेळ येईल इतके. आपण बाहेर असताना मूल जेवलं की मोठा अडथळा ओलांडला असं समजा.

स्वयंपाकघरात एक पान चिकटवा. त्यावर मुलाचं नाव, वजन, औषधांची नावं आणि वेळा, कशाची ॲलर्जी, फिट आली तर काय करायचं : कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करा. मुलाचे इशारेही लिहा : कानावर हात ठेवला म्हणजे आवाज सहन होत नाही, दाराकडे बोट म्हणजे शौचाला जायचंय. हे फक्त आपल्या डोक्यात असतं तोवर आपल्याला सुट्टी नाही.

मुलालाही तयार करा. नको म्हणणं, हात झटकणं, कुणी कपड्यांखाली हात लावला तर सांगणं, हे बोलता येत असो वा नसो, शिकवता येतं. बाहुली, चित्रं, रोजचा तोच एक प्रश्न. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शिकवा. घरी आल्यावर अंगावरचे व्रण पाहणं, वागण्यात अचानक भीती दिसते का ते पाहणं ही आपली रोजची सवय हवी. अधूनमधून न सांगता लवकर घरी या. सांभाळणाऱ्या चांगल्या मावशींना याचा राग येत नाही, पहिल्या दिवशीच सांगितलेलं असलं तर.

आणि दुसऱ्या हातांना तिसरा हात जोडून ठेवा. मावशी आल्या नाहीत तर कुणाला फोन करायचा, हे नाव आधीच ठरलेलं असू द्या. एकल पालक असाल तर ही पायरी पूर्ण होईपर्यंत पूर्णवेळ नोकरी घेऊ नका. पालकगटातल्या दुसऱ्या एका आईशी अदलाबदलीचा करार करा.

पाचवी पायरी : तासांत बसणारं काम

आता वहीत खरे मोकळे तास लिहा. रोज सलग किती, आठवड्यात किती, आणि अचानक मोडण्याची शक्यता किती. कामाकडे पाहताना तीन गोष्टी तपासा. मधेच थांबवता येतं का? घरापासून किती लांब? आणि एक दिवस चुकला तर नुकसान कुणाचं होतं? वर्गात उभं राहून शिकवण्याचं काम आणि हिशेब लिहिण्याचं काम यांत मोठा फरक हाच आहे.

जुन्या व्यवसायात परतणं बहुधा सगळ्यात सोपं, कारण तिथे नाव आणि ओळखी आहेत. पंधरा वर्षांत जे बदललं तेवढंच शिकून घ्या. लेखापाल असाल तर जीएसटी, ग्रंथपाल असाल तर संगणकीकृत सूची. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. मूल झोपल्यावर अभ्यास करता येतो, पण परीक्षेच्या दिवसांसाठी तिसरा हात आधी ठरवा.

अनेक आया विशेष शिक्षणाकडे वळतात. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका किंवा विशेष बी.एड. करता येतं. समुदायाधारित समावेशक विकासाचा, म्हणजे दिव्यांगांना त्यांच्याच वस्तीत आधार देण्याच्या कामाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही २०२१ पासून आहे. अभ्यासक्रम निवडताना परिषदेची मान्यता आहे का ते जरूर पाहा, नाहीतर पुढे नोंदणी मिळत नाही. आपला अनुभव इथे खरंच मोलाचा आहे. तरीही स्वतःला एकदा विचारा : दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना आंघोळ घालून, भरवून संध्याकाळी घरी तेच करायला बळ उरेल का? काहींना या कामात अर्थ सापडतो. काहींना याच्या अगदी उलट काहीतरी हवं असतं, जिथे दिव्यांगत्वाचा विषयच नाही, आणि ही इच्छा पूर्णपणे योग्य आहे. आमच्या गटातल्या एका आई कापडाच्या दुकानात हिशेब पाहतात. त्या म्हणतात, तिथे मला कुणी अमुकची आई म्हणून ओळखत नाही, आणि त्या सहा तासांवरच माझा दिवस निभतो.

घरगुती व्यवसायाचा सल्ला सगळेच देतात. तो तपासून घ्या. घरात मूल आणि घरातच ऑर्डर असेल तर दोन्हींना अर्धं लक्ष मिळतं. घरून काम करायचं असलं तरी त्या वेळेत मावशी किंवा केंद्र लागतंच. ते असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, मोफत होते आणि कर्जासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करता येते. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या वतीनं पालकांना अर्ज करता येतो.

पैशांचं गणित स्पष्ट मांडा. समजा पगार २५,००० रुपये, मावशींचे १२,०००, प्रवासाचे ३,०००. हातात १०,००० उरतात. घरातलं कुणीतरी म्हणेल, एवढ्यासाठी कशाला? पण भविष्य निर्वाह निधी जमा होतो, अनुभवाची वर्षं गाठीशी जमतात, दोन वर्षांनी पगार वाढतो. मावशींचा पगार आईच्या पगारातून वजा करण्याची पद्धतही सोडून द्या. तो घरखर्च आहे आणि दोघांच्या उत्पन्नातून जायला हवा.

सहावी पायरी : नोकरी देणाऱ्याशी बोलणं

कामाची वर्षं मधे तुटलेली असतात, त्याबद्दल अर्जात एक ओळ पुरते : ‘या काळात कुटुंबातल्या दिव्यांग सदस्याचा पूर्णवेळ सांभाळ केला.’ त्याखाली आपण खरोखर केलेली कामं लिहा. संस्थेचा हिशेब ठेवला असेल, पालकगटाच्या सभा भरवल्या असतील तर तेही.

मुलाखतीत सुरुवातीलाच सगळं सांगण्याची गरज नाही. काम देण्याची तयारी दिसली की पगाराबरोबर हेही बोला. साधारण असं : ‘माझ्या घरी दिव्यांग तरुण मुलगा आहे. त्याच्या दिवसाची व्यवस्था लागलेली आहे. तरी महिन्यातून एखाद्या दिवशी मला अचानक सुट्टी लागू शकते. त्या दिवसाचं काम मी दुसऱ्या दिवशी किंवा घरून पूर्ण करीन.’ मान्य झालं तर ते नियुक्तिपत्रात किंवा ईमेलवर लेखी घ्या. साहेब बदलले की तोंडी शब्द उरत नाही.

केंद्र सरकारच्या सेवेतल्या महिलांना बालसंगोपन रजा एकूण ७३० दिवस मिळते आणि अपत्य दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, तसा २०१४ चा आदेश आहे. दिव्यांग मुलांच्या आयांना ही रजा नाकारण्याचा प्रश्न एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. रजा नाकारण्यानं राज्यघटनेनं दिलेल्या कर्तव्याचा भंग होतो, अशी भूमिका न्यायालयानं घेतली. राज्य सेवेत असाल तर आस्थापना शाखेकडून आपल्याला लागू असलेले शासन निर्णय लेखी मागवा. खासगी नोकरीत असा आधार नाही, म्हणून तिथे लेखी बोलणीच महत्त्वाची.

पहिले तीन महिने

शक्य असेल तर अर्धवेळ सुरू करा. दर रविवारी मुलाचं वजन, झोप आणि वागणं वहीत लिहा. पहिल्या तीन आठवड्यांत रडणं, चिकटणं, रात्री उठणं वाढेल, ते बहुधा ओसरतं. पण वजन कमी होत असेल, फिट वाढत असतील, एखाद्या माणसाला पाहून तो मागे सरकत असेल तर थांबून शोध घ्या. नोकरी सोडण्याआधी व्यवस्थेतला कुठला भाग कच्चा आहे ते पाहा. बहुतेक वेळा एक माणूस किंवा एक वेळ बदलून भागतं. फिट वाढल्या असतील तर मात्र आधी डॉक्टर.

आपल्या पाठीकडेही पाहा. मोठ्या मुलाला उचलून आयांच्या कमरेचे मणके दुखावतात. फिजिओथेरपिस्टकडून उचलण्याची पद्धत एकदा शिकून घ्या आणि तीच मावशींनाही दाखवायला सांगा.

पैशांचे कागद, पहिला पगार आल्यावर

करदात्या पालकाला दिव्यांग अवलंबितासाठी ८० डीडी या नावानं ओळखली जाणारी वजावट मिळत आली आहे : ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,०००. ही जुन्या करप्रणालीतच आहे. त्यामुळे दोन्ही प्रणालींत हिशेब करून मगच निवडा. घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक असेल तर दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद असते. मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व सेवापुस्तकात किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदांत आत्ताच नोंदवून घ्या. आईवडील गेल्यावर हे सिद्ध करणं फार जड जातं.

मालमत्ता मुलाच्या थेट नावावर करण्यापेक्षा भारतीय विश्वस्त अधिनियम १८८२ खाली खासगी विश्वस्त निधी (ट्रस्ट) उभा करून मृत्युपत्रानं त्यात ठेवणं सुरक्षित असतं. विश्वस्त दोन तरी असावेत आणि त्यांतला एक आपल्यापेक्षा वयानं बराच लहान. वकिलाकडे जाताना मुलाच्या महिन्याच्या खर्चाचा आकडा घेऊन जा. तो पहिल्या पायरीतल्या वहीतून आणि मावशींच्या पगारातून आता आपल्याकडे तयार असतो. नव्या पगारातला ठरावीक भाग, सुरुवातीला हजार रुपये का होईना, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या निधीच्या नावे वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.